डाव्या खिडकीतल्या काकू

आमच्या इंडिकेटर काकूंचा डावा हात उजव्यापेक्षा दोन छटा काळा होता. पार दंडापर्यंत. जन्मतः नव्हे हो, देविदासकाकांच्या पिकअपमुळे! गाडीचे इंडिकेटर कायमचे बंद. उजवीकडं वळायचं तर काका स्वतःचा हात बाहेर काढत, आणि डावीकडं वळायचं तर शेजारी बसलेली त्यांची बायको, म्हणजे काकू. अकोट ते अकोला, अकोला ते अकोट, वर्षानुवर्षं तो हात उन्हात. लग्नाकार्यात कुणी विचारलंच तर काकू ठसक्यात सांगायच्या, "हा ड्युटीवरचा हाय."

नुसता हात बाहेर काढला की झालं, असं त्यांच्याकडं चालत नसे. आधी बांगड्या मागं सारायच्या, मग दारावर दोन थापा मारायच्या, आणि मग अख्खा हात खांद्यापासून बाहेर. वर, वळायचंय हे अख्ख्या रस्त्याला कळावं म्हणून ओरडायचं, "थांब रे बापा, आमाले वयाचं हाय!" मी एकदा खिडकीशी बसून हौसेनं हात काढून पाहिला, तर म्हणाल्या, "असा चोरावानी काय काढतं वो? मागच्याले वाटलं पायजे, का आता बसते गालात." खरंच सांगते, ट्रकवालेसुद्धा ब्रेक मारायचे.

मी तेव्हा अकोल्याला बी.एड. करत होते. एसटीचा काही भरवसा नव्हता, म्हणून सकाळी केळीच्या घडांसोबत मीही पिकअपमध्ये, दोघांच्या मधे. तिथून मला स्टेअरिंगचं दर्शन अगदी जवळून व्हायचं. त्याला इतका ढिलेपणा होता की काका अर्धा चक्कर फिरवायचे तरी गाडी आपली सरळच. नवा माणूस किंचाळायचा. काका शांतपणे म्हणायचे, "सांगतलं का लगेच आयकन तर शपथ. पन आयकलं का मंग पक्कं. घरी बी तसंच हाय." असं म्हणून ते काकूंकडं बघत, आणि काकू खिडकीबाहेर.

अकोल्याच्या जुन्या शहरात मोर्णा नदीच्या काठाला रशीदभाईंचं गॅरेज होतं. तिथं पिकअपवाल्यांची रोज पंचायत भरायची. एकाचा डावा इंडिकेटर दाबला की वायपर नाचायचा. एकाचा फक्त खड्ड्यात पेटायचा, पण आपल्या रस्त्यांमुळे त्याची काही तक्रार नव्हती. एकाची गाडी सारखी डावीकडं ओढायची, आणि डावीकडं त्याची सासुरवाडी, त्यामुळे घरी त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं. पण रशीदभाई खरे हरले ते काकांच्या गाडीपुढं. ते आज इंडिकेटर चालू करून देत आणि उद्या तो बंद. "भाभी, कल ही तो बनाया था!" असं म्हणून बिचारे कपाळाला हात लावत. शेवटी त्यांनी इंडिकेटरच्या दांडीला काळा दोरा बांधला. दोरा टिकला, इंडिकेटर काही टिकला नाही.

त्याचं कारण मला एका सकाळी कळलं. मी जरा लवकर पोचले, तर काकू गाडीत वाकून काहीतरी उपटत होत्या. हातात इवलासा फ्यूज! मला बघताच त्यांनी तो कमरेच्या बटव्यात टाकला आणि माझं मनगट धरलं.

"काकाले सांगशीन तर पाय."

"पण काहून, काकू?"

त्या पायरीवर टेकल्या. ती वर्षं आमच्याकडं वाईट होती. आज या गावातून, उद्या त्या गावातून बातमी यायची की अमका सकाळी एकटाच शेतात गेला तो परत आलाच नाही. घराघरातल्या बायका नवऱ्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत उभ्या राहायच्या.

"आपला बी कापूस गेला ना त्या साली," काकू म्हणाल्या. "हा माणूस दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणे, मी एकटाच गाडी घेऊन जाऊन येतो. म्या म्हणलं, इंडिकेटर बंद हाय, डावीकडं हात कोन काढन? अन् बसली चढून. तवापासून फ्यूज मायाजवळ. याले एकटं जाऊ द्याचं नाही. बस."

मी शपथ घेतली. ती पाळणं किती महाग पडणार होतं, हे मला परीक्षेच्या दिवशी समजलं.

त्या दिवशी अकोल्यात शिरताना काका सहज बोलून गेले, "काल रशीदभाईच्या घरी खिचडी खाल्ली. काय मोकळी होती! आपल्या घरची तर पातेल्यातून निघत नाही." झालं! काकूंनी हात आत घेतला आणि घडी घालून बसल्या. माझं कॉलेज चौकातून डावीकडं. काका पडले हट्टी, ते कशाला विनवतात? म्हणाले, "तीन वेळा उजवीकडं वयलं का एकदा डावीकडं वयल्यावानीच होते." हिशोब बरोबर होता. पण ऐन वळणावर स्टेअरिंगनं ऐकायला उशीर केला आणि आम्ही फिरून पुन्हा त्याच चौकात, त्याच तोंडानं. दुसऱ्या फेरीलाही तेच. तिसऱ्या फेरीला चौकातल्या पोलिसानं विचारलं, "कोनाची मिरवनूक हाय?"

पेपरला दहा मिनिटं उरली होती. मला रडू फुटलं. फ्यूज काकूंच्या बटव्यात, आणि तो बटवा माझ्या मांडीला टोचत होता! एक शब्द बोलले असते तर सुटले असते. मी तोंड उघडलं. काकूंनी माझ्याकडं पाहिलं. इतक्या घाबरलेल्या काकू मी कधी बघितल्या नव्हत्या. मी तोंड मिटलं. आणि दुसऱ्या क्षणाला दारावर दोन थापा पडल्या.

"तुमच्यासाठी नाही काढून राहिली," त्या काकांवर खेकसल्या, "पोरीच्या पेपरासाठी!"

मी पास झाले, धामणगावला शाळेत लागले. काकू गेल्याचं कळलं तेव्हा खूप रडले. पुढं सुट्टीत गावी गेले, तर परतताना काका म्हणाले, चाल, अकोटच्या स्टँडवर सोडतो. मी डाव्या खिडकीशी बसले. वाटेत मला राहवेना.

"काका, एक सांगायचं राहिलं. तो फ्यूज..."

"मालूम हाय."

"कधीपासून?"

"पयल्या दिवसापासून." काका रस्त्याकडं बघत होते. "रशीदभाईनं नवा बसवला का मीच मोठ्यानं इचारो, इंडिकेटरचा कोनता, कुठं लागते? तिले आयकू जावं म्हनून. नाहीतर बाईनं भलताच उपटला असता, अन् हेडलाइट गेले असते."

मी हसता हसता डोळे पुसले. "मग आता तरी चालू असेल ना इंडिकेटर?"

काकांनी काळा दोरा बांधलेली दांडी खाली केली. टिकटिक नाही, काही नाही. त्यांनी सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला.

"हा हाय ना फ्यूज. गाडीत लावला का मंग एकटं जानं आलं."

स्टँडचं वळण आलं. डावीकडचं. मी हात बाहेर काढला.

"असा चोरावानी काय काढतं वो?" काका म्हणाले. "मागच्याले वाटलं पायजे, का आता बसते गालात."

मी बांगड्या मागं सारल्या, दारावर दोन थापा मारल्या आणि खांद्यापासून अख्खा हात काढून ओरडले, "थांब रे बापा, आमाले वयाचं हाय!"

मागची एसटी थांबली.