दुपारी बंद पडणारा कॉम्प्युटर

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचा सगळा जन्म म्हशींच्या मागं गेला. कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. तरीही गेल्या उन्हाळ्यात एक जुना कॉम्प्युटर घ्यायचा की नाही हे मलाच ठरवायचं होतं, आणि त्या दिवसांत मी जेवढा भ्यालो तेवढा मारक्या रेड्यापुढंही कधी भ्यालो नव्हतो.

बायको जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. चुलीच्या धुरानं तिची फुफ्फुसं गेली, असं डॉक्टर म्हणाले. शेवटी शेवटी ती ऑक्सिजनच्या मशीनवर होती. मशीन भाड्यानं आणलं होतं, पेटीएवढं, चाकं असलेलं. रात्रंदिवस घूं घूं करायचं. त्या आवाजावर माझी झोप लागायची आणि त्या आवाजावरच मी जागा व्हायचो. आवाज आहे म्हणजे ती आहे. लाईट गेली की आवाज थांबायचा, मग धावपळ. शेजारी सिलिंडर उभा करून ठेवलेला असायचा, नळी मशीनवरनं काढून त्याला लावायची. हे काम सून करायची. माझे हात त्या वेळी चालायचे नाहीत.

सुनेचं सांगतो. मुलगा पुण्यात कंपनीत आहे. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा सून तिथली नोकरी सोडून इकडं बावड्याला आली. तिनं जे केलं ते पोटच्या लेकीनं केलं नसतं. बायको गेल्यावर दिवसकार्य झालं, पावणे-रावळे गेले, आणि घरात आम्ही दोघंच उरलो. म्हशी आधीच एकेक करून विकल्या होत्या. गोठ्यात नुसती दावी लोंबत होती.

मग मुलाचा फोन आला.

"बाबा, कंपनीचं काम तिकडच्या एमआयडीसीत यायचं चाललंय. आलं की मी येतो. पण वर्ष तरी जाईल. तिला तिथं काय काम मिळालं तर राहू दे तोवर. मी दोस्तांच्या खोलीवर काढतो."

"आणि न्हाई मिळालं तर?"

"तर मग हितं फ्लॅट बघतो. किती दिवस दोघं दोन ठिकाणी राहायचं?"

त्याचं काही चुकत नव्हतं. पण एकदा तिथं फ्लॅट झाला की इकडं कोण परत येतंय? मी फोन ठेवला आणि सोप्यात, पुढच्या पडवीत, जाऊन बसलो.

सुनेला मराठी टायपिंग येतं. वकिलांची कामं घरी आणून करता येतील असं तिच्या डोक्यात होतं. एकदोघांनी देतो म्हणून सांगितलंही होतं. "मामा, नुसता एक कॉम्प्युटर पायजे. नवा नको, जुना चालंल. पैसं तुमच्या म्हशीचं हायत, तवा तुमीच ठरवा," असं म्हणून ती भाकरी थापायला बसली.

तिनं सहज म्हटलं. मी मात्र मनात हिशेब मांडत बसलो. घेतला आणि चार दिवसांत बंद पडला तर ती जाणार. नाही घेतला तरी जाणार. चांगला मिळाला तरच घरात दिवा लागणार. आणि चांगला-वाईट ओळखायचा कोणी, तर मी.

मी जन्मात एकट्यानं काही विकत घेतलेलं नाही. म्हैस घ्यायची झाली की आम्ही नवराबायको जायचो. मी गोठ्यात आणि ती घरात. मी सड बघायचो, दात बघायचो, चालवून बघायचो. दोन वेळची धार बघितल्याशिवाय तर मी उठायचोच नाही, कारण काही लोक आदली धार न काढता कास फुगवून ठेवतात. ती आत चुलीपाशी बसून त्या घरच्या बाईबरोबर चहा प्यायची. सोप्यातला बाप्या काहीही सांगो, म्हैस का विकायला काढली ते चुलीपाशी कळतं. मग ती दारात यायची. पदर कमरेला खोचला असला तर घ्यायची. दोन्ही खांद्यांवरनं ओढून घेतला असला तर रामराम करून निघायचं. म्हशीपेक्षा मी त्या दाराकडंच जास्त बघत असायचो, हे आता कळतंय.

सुनेनं फोनवर एक कॉम्प्युटर शोधला. हुपरीत चांदीचं काम करणाऱ्या एका घरात होता. आम्ही सकाळच्या एसटीनं गेलो. घराच्या पुढच्या खोलीत पैंजणाचं काम चाललेलं, भट्टीचा वास, आणि मधल्या खोलीत टेबलावर तो कॉम्प्युटर. खाली एक काळा डबा, वर पडदा. मालक पन्नाशीचा, बोलायला गोड. नव्या पैंजणांची चित्रं बघायला आणि बिलं करायला घेतला होता, आता नवा आणला म्हणून हा काढतोय, असं म्हणाला. नवा काही मला दिसला नाही.

त्यानं बटण दाबलं. डब्यातनं घूं सुरू झालं.

मी टेबलापासनं दोन पावलं मागं सरकलो. सून खुर्चीवर बसून खटाखट काहीतरी बडवत होती, तिला मी दिसत नव्हतो. तिनं सगळं तपासलं आणि माझ्याकडं वळून मान हलवली. चांगला आहे.

"मग पावणं, ठरवायचं न्हवं?" मालक म्हणाला.

"सांजचं बघून सांगतो."

"सांजचं आणि काय बघायचं?"

"हेच. परत. दोन येळंला बघितल्याबिगर आमी दावणीला कायबी आणत न्हाई."

"अवो, ह्यो काय दूध देतोय व्हय?"

"देत न्हाई तर घाई कशाला? वैरण तरी कुठं मागतोय?"

पुढच्या खोलीतले कारागीर हसले. सुनेनं ओढणी तोंडाला लावली. मालकही हसला, म्हणाला, "बसा मग. चालूच ठेवतो. जेवूनच जावा आता." मला वेळ काढायचा होता, दुसरं काही नाही. ठरवायची वेळ जेवढी पुढं जाईल तेवढी बरी.

जेवणं झाली. ऊन तापलं. सून कारागिरांचं काम बघत पुढं बसली होती आणि मी मधल्या खोलीत त्या डब्यापाशी खुर्चीवर. वर पंखा, खाली घूं. मी आतल्या दाराकडं बघत होतो. त्या दारातनं कोणी पदर खोचून येणार नव्हतं, हे काय मला माहीत नव्हतं? पण मान तिकडंच जात होती. हळूहळू डोळे जड झाले. कितीतरी दिवसांनी मला दुपारची झोप लागत होती.

आणि आवाज थांबला.

मी उभा राहिलो ते खुर्ची पाडूनच. "सिलिंडर लाव," मी ओरडलो. "पोरी, सिलिंडर लाव आधी, लाईट गेली."

पुढच्या खोलीतली हातोडी थांबली. सून धावत आली. मालक आला. तो म्हणाला, "काय न्हाई, काय न्हाई, लाईट गेली आसंल." सुनेनं वर बघितलं. पंखा फिरत होता. तिनं मालकाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि पडलेली खुर्ची उचलून ठेवली. कोणाच्या घरी आहे, काय बोललो, सगळं मग ध्यानात आलं, आणि जमीन फाटली तर बरं असं झालं.

मालकाची बायको आतनं पाणी घेऊन आली. माझा चेहरा बघून म्हणाली, "आबा, आत येऊन बसा. हितं लई उकडतंय." तिनं मला आत नेऊन चुलीजवळच्या पाटावर बसवलं. आता तिथं गॅस आहे, पण आम्ही चूलच म्हणतो. पाणी दिलं, गूळ दिला.

"घरात कोन आजारी हाय का?" तिनं विचारलं.

"हुती. आता न्हाई."

तिनं चहाचं आधण ठेवलं. मग पाठ माझ्याकडं ठेवूनच म्हणाली, "उन्हाचं बंद पडतंय ते. माझ्या मालकाला म्हटलं, सांगून इका. आमच्या भट्टीची काजळी जात्या त्याच्या पंख्यात. तापलं की बसतंय गप. सकाळी, सांजचं काय न्हाई. मी सांगितलं म्हणून सांगू नका."

बायको ज्या जागी बसायची त्या जागी मी बसलो होतो, आणि तिला जे ऐकायला मिळायचं ते मला मिळालं होतं. चहा तसाच ठेवला.

मी दारात आलो. सून मालकाशी बोलत होती, ती बोलायची थांबली आणि माझ्याकडं बघायला लागली. तिला त्या पदराच्या खुणेचं काही माहीत नव्हतं, आणि माझ्या खांद्यावर नुसता टॉवेल. मी म्हटलं, "चल. न्हाई घ्यायचा. उन्हाचं बसणारं जनावर नको."

मालकाचं तोंड उतरलं. सून गुमान चपला घालून माझ्यामागं आली. आम्ही स्टँडवर आलो. उन्हात बाकड्यावर बसलो. मग ती म्हणाली, "मामा, खरं सांगा. बंद पडतोय म्हणून नको, का आवाज येतोय म्हणून नको?"

तिला खोटं सांगून काय करायचं? मी म्हटलं, "आवाज."

"मलाबी तसंच झालं. तुमी वरडला तवा माझाबी हात कोपऱ्याकडं गेला. सिलिंडर बघायला."

ती रडली नाही. ओढणीनं मानेवरचा घाम पुसला. मी म्हटलं, "मग कशाला पायजे असलं घरात?"

"टायपिंग तर करायचंच हाय मला. बसून ऱ्हायलो तर येडी हुईन. हितं न्हाई तर पुण्यात करतो. आवाज तिथंबी हायच."

पुण्यात, हा शब्द तिनं काही मला घाबरवायला काढला नव्हता. पण तो ऐकला आणि मशीनचा आवाज एकदम लहान झाला. तिथं तिच्या टेबलाखाली घूं चालू आहे आणि इथं माझ्या घरात काहीच आवाज नाही, असं डोळ्यांपुढं आलं. कुकरची शिट्टी नाही, नळाचं पाणी नाही, 'मामा जेवायला चला' नाही. आवाज थांबल्याची मला भीती होती. पण जिथं थांबायलाही काही उरलेलं नाही असलं घर मी अजून बघितलेलं नव्हतं.

"उन्हाचा बसला तर काय करनार?" मी विचारलं.

"परत चालू करायचा. माणूस हाय व्हय ते?"

हे ती बोलून गेली आणि मान फिरवून रस्त्याकडं बघायला लागली. थोड्या वेळानं मीच उठलो. म्हटलं, "चल माघारी."

वाटेत मी तिला काजळीचं सांगितलं, कुणाकडनं कळलं ते सांगितलं नाही. पुढचं तिनं केलं. मालकाला म्हणाली, "काका, तुमच्या डब्यातला पंखा काजळीनं बसतोय, मगाशी लाईट कुठं गेली होती?" मालक कानकोंडा झाला. डबा उघडून साफ करून द्यायचा, आम्ही घरी नेऊन दोनचार दुपारी चालवून बघणार, पटलं तर पैसे, असं तिनं ठरवून टाकलं. "पावणं, सून जोरात हाय की तुमची," मालक मला म्हणाला. मी आतल्या दाराकडं बघितलं. त्याची बायको दारात उभी होती. तिनं नुसती मान डोलावली.

घरी आणल्यावर तो ठेवायचा कुठं, हा प्रश्न आला. मधल्या खोलीत ऑक्सिजनच्या मशीनसाठी म्हणून वायरमनकडनं एक चांगला बोर्ड बसवून घेतला होता. बाकीच्या बोर्डांचा भरवसा नाही. सुनेनं मला विचारलं, "तिथं लावू का दुसरीकडं?" मी म्हटलं, "तिथंच लाव." एवढं म्हणून मी अंगणात गेलो आणि तिचं लावून होईपर्यंत आत आलो नाही.

दोनचार दुपारी बघून पैसे दिले. आता तो दिवसभर चालतो. वकिलांचे कागद येतात, जातात. मी दुपारी सोप्यात घोंगडं टाकून पडतो, पण झोपत नाही. ऐकत असतो. काजळी काढली तरी ऊन फार झालं की तो अजूनही बसतो. घूं थांबलं की माझे दोन्ही हात जमिनीला टेकतात, उठायला. पण उठायच्या आत आतनं हाक येते, "काय न्हाई मामा, चालू करालोय." रोज तेच. तिनं मला कधी विचारलं नाही की तुम्ही घाबरता का. ती नुसती हाक देते.

परवा आवाज थांबला आणि हाक आली नाही.

मी वाट बघितली. मग उंबऱ्यापर्यंत गेलो. खुर्ची रिकामी होती. पडदा काळा. बोर्ड तोच, कोपरा तोच. मी भिंत धरली. तेवढ्यात परसात बादली वाजली. धुणं काढायला गेली होती.

डब्यावर एक गोल बटण आहे. तिनं मला कधीच दाखवून ठेवलं होतं, मी हात लावला नव्हता. त्या दिवशी वाकलो आणि दाबलं. आधी काहीच झालं नाही. मग घूं सुरू झालं.

"मामा," परसातनं ती म्हणाली, "तुमी लावला व्हय?"

"लावला."

मुलाच्या कंपनीचं अजून काही ठरलेलं नाही. परवाच फोन होता, बघू म्हणाला. मी हात धोतराला पुसला. ती धुणं घेऊन आत येईपर्यंत तिथंच उभा राहिलो, तो परत बंद पडतो का बघत.