मंजुरीच्या आधीचा खड्डा

मी लिहावं असं मला कुणी सांगितलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि माझं मराठी इंदूरचं आहे. हिंदी त्यात कधी शिरतं ते मला कळतही नाही. ज्यांनी आयुष्यभर चांगलं लिहिलं त्यांच्या पंगतीत आपण येऊन बसावं याचा संकोच वाटतो. त्याबद्दल माफ करावं. पण त्या रविवारी सभेत मी जे बोललो, त्याची माफी मागणार नाही. ती मागावी, असं पुष्कळांनी सुचवून झालं आहे.

माझे बाबा पोलोग्राउंडला एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीन चालवतात. सुट्टीचा दिवस मात्र आमच्या भागातल्या मराठी मंडळाचा. गणपतीत सतरंज्या घालणं, पंगतीत वाढणं, कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या रचून ठेवणं, हे सगळं बाबांकडे. मंडळाच्या जुन्या सभागृहावर सगळ्यांचा जीव. मिलमध्ये कामाला आलेल्या लोकांनी ते उभं केलं होतं. माझ्या आईबाबांचं लग्नही तिथलंच. पण आता ते पुरत नव्हतं. बायपासच्या बाजूला मंडळाचा एक प्लॉट होता. तिथे नवं सभागृह बांधायचं आणि वर बाहेरगावच्या मुलींसाठी वसतिगृह काढायचं, असं ठरलं.

नवं म्हणजे कसं, तर अगदी जुन्यासारखं. तोच रंगमंच, त्याच कमानी, खिडक्यासुद्धा तशाच. लोकांचं प्रेमच इतकं, की समितीने जुन्या सभागृहाचे नक्शे काढून ठेकेदाराच्या हाती दिले. त्याने वर एक मजला चढवला आणि बाकी सगळं जसंच्या तसं उतरवून आणलं. पायासुद्धा. तितकाच खोल, तितकाच रुंद.

एका संध्याकाळी बाबा त्या नक्शांची गुंडाळी घरी घेऊन आले. "बघ, तुझ्या कामाचं आहे," म्हणाले. त्याच दमात त्यांनी सांगितलं की अक्षय तृतीयेला भूमिपूजन आहे, आणि पूजेला जोडीने ते आणि आई बसणार आहेत. अध्यक्षकाकांनी स्वतःहून नाव सुचवलं होतं. मंडळात डॉक्टर आहेत, वकील आहेत, तुकोगंजला बंगले असलेली घराणी आहेत. पाटावर बसायचा मान आजवर त्यांच्यातल्याच कुणाचा असायचा. आईने दुसऱ्याच दिवशी ठेवणीतली साडी इस्त्रीला दिली. पूजेला अजून बराच अवकाश होता.

मी पायाचं चित्र पाहत राहिलो. जुनं सभागृह मुरमावर उभं आहे. तिथे थोडं खणलं की कुदळ वाजते. नव्या प्लॉटवर खाली काय आहे, हे नक्शात कुठेच नव्हतं, कारण कुणी खणून पाहिलंच नव्हतं. मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला होतो. जमीन न बघता पाया काढायचा नाही, हे आम्हाला पहिल्यांदा शिकवतात. आमच्या मंडळात आधी तारीख ठरते, मग पाहुणे, मग पेढ्यांची ऑर्डर, आणि जमीन सगळ्यात शेवटी.

मी प्लॉटवर गेलो. उन्हाने जमीन फाटली होती. एका भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला. शेजारच्या साइटवरून कुदळ मागून आणली आणि कमरेइतकं खणलं, तरी काळी मातीच. ती थोडी पिशवीत भरून कॉलेजच्या लॅबमध्ये नेली. सरांना विचारून ती वाळवली, चाळली, आणि काचेच्या दोन नळ्यांत सारखी सारखी घातली. एका नळीत पाणी ओतलं, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दुसऱ्या दिवशी पाण्यातली माती जवळजवळ दुप्पट झाली होती.

घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, भेगा काय, बारिश आली की भरून जातात. मी म्हटलं, तेच तर. पावसात ही माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वरची इमारत तिच्याबरोबर वरखाली होते. पाया मुरमापर्यंत नेला तर काही होणार नाही, पण मुरूम किती खाली आहे हे आधी कळायला हवं. बाबांनी विचारलं, किती वेळ लागेल. मी म्हणालो, जमीन तपासून नवा नक्शा काढायचा तर अक्षय तृतीया हुकेल. त्यावर ते हात धुवायला उठले.

अध्यक्षकाकांना मी आधी भेटलो. ते चांगले आहेत. माझ्या ॲडमिशनच्या वेळी स्वतः कॉलेजात आले होते. म्हणाले, सभेत मांड. बहुधा मी मांडणार नाही असं त्यांना वाटलं असावं.

रविवारी जुन्या सभागृहात सभा भरली. ठराव एकच, नक्शे मंजूर करायचे आणि फाइल मंजुरीसाठी नगर निगमात पाठवायची. मी त्या दोन नळ्या टेबलावर ठेवल्या.

ठेकेदार पहिल्या रांगेत होता. "क्या भिया, लोणचं घालून आणलं का?" तो म्हणाला, आणि सगळं सभागृह हसलं. मीही हसलो. मग मी बोलायला लागलो. वाक्यं नीट येत नव्हती. तरी पाणी, रॉकेल, माती, एवढं सांगितलं. मागून एका काकूंनी म्हटलं की पूजेच्या आधी भेगांची भाषा कशाला, शुभ काही बोल. कुणी म्हणालं, दोन पुस्तकं वाचली नाहीत तोच आम्हाला शिकवायला लागला.

अध्यक्षकाकांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "अरे बेटा, हे सभागृह आपल्या डोक्यावर उभं आहे की नाही? एक तडा दाखव. मग त्याच नक्शावर शंका का घेतोस?"

"नक्शावर नाही काका, जमिनीवर घेतोय," मी म्हणालो. "हे मुरमावर आहे. तिथे काय आहे ते आपल्याला माहीत नाही. वर मुली झोपणार आहेत. आधी खणून बघा, मग मंजूर करा."

त्यांनी मत घेतलं. ज्यांना ठराव मंजूर त्यांनी हात वर करावा. हात वर गेले. बाबा दाराशी चहाची किटली घेऊन उभे होते. त्यांनी किटली खाली ठेवली, आणि त्यांचाही हात वर गेला.

विरोधात मी एकटाच. मी म्हणालो, "माझा विरोध इतिवृत्तात लिहा. कारणासकट." काकांचा चेहरा उतरला. पण नियम त्यांनीच आम्हाला शिकवलेले. त्यांनी सचिवांना लिहून घ्यायला सांगितलं.

परतताना स्कूटरवर मी बाबांच्या मागे बसलो होतो. सिग्नलला ते मान न वळवता म्हणाले, "तुझं बरोबर असेल. पण माझा हात पुढेही वरच जाईल. मी त्यांच्यातला आहे."

"आणि मी नाही?"

"तू कॉलेजातला आहेस."

मला तेव्हा राग आला आणि आजही येतो. मी कॉलेजात गेलो ते त्यांच्यातून उठून जायला नाही. ज्या घरात आजवर कुणाला पाया काढता आला नाही, त्या घरातल्या पोराला तो काढायला शिकवायचं, आणि चूक दिसली की त्याला शुभ बोल म्हणायचं, हे मला मान्य नाही. मंजुरी म्हणजे देवापुढचा प्रसाद नव्हे, की समोर आला की हात पुढे करायचा.

पुढचं आपोआप घडलं. निगमाच्या कागदांवर ज्या इंजिनिअरची सही लागणार होती, त्यांना ठरावाबरोबर माझा विरोधही वाचायला मिळाला. जमिनीचा रिपोर्ट आणल्याशिवाय सही करणार नाही, असं त्यांनी कळवलं. अक्षय तृतीया गेली. आईने साडी परत कपाटात ठेवली. मला ती एका शब्दानेही बोलली नाही. बाबा मंडळात जात राहिले, मी गेलो नाही. मंडळात काय चाललं आहे हे त्यांनी घरी सांगणं बंद केलं, आणि मीही विचारलं नाही. मला कुणी बोलावलं असतं तर मी त्याच दोन नळ्या पुन्हा घेऊन गेलो असतो.

मग माझी ट्रेनिंग सुरू झाली, तुकोगंजच्या एका ऑफिसात. तिथे एका दुपारी बाबांचा फोन आला. कामाच्या वेळात ते कधी फोन करत नाहीत, म्हणून मी घाबरून जिन्यात गेलो. मागे बरीच गडबड आणि सनई ऐकू येत होती.

जमिनीचा रिपोर्ट आला, पायाचा नक्शा नवा काढला आणि आज भूमिपूजन झालं, म्हणाले. पूजेला अध्यक्षकाकांचा मुलगा आणि सून बसले. आई ठीक आहे, बायकांमध्ये आहे. मी नुसतं हो म्हणालो.

मग ते म्हणाले, "पूजा आटोपताच मशीनने पायाचा कोपऱ्यातला पहिला खड्डा खणला. माझ्या डोक्यावर हात-दीड हात गेलाय. शिडी लावून मी स्वतः खाली उतरलो होतो. मुरूम लागलाय."