दोनशे पंधरावा दगड

नोव्हेंबर १९९८. पैनगंगेवरचा नावेचा जुना घाट दुरुस्त करायला गावाला नऊ हजार रुपये मिळाले होते. काठावर सरपंच, गवंडी आणि हिशेबासाठी मी, असे तिघे हजर होतो. चौथा एक म्हातारा भोई होता, पण त्याला कोणी बोलावले नव्हते.

घाटाखाली नदीत त्याच्या आजोबाने रचलेली दगडांची ओळ होती. तिच्या फटीत बांबूची टोपली लावून तो मासे धरी. तेच दगड काढून नव्या पायऱ्यांना वापरायचे ठरले होते. म्हातारा गुडघाभर पाण्यात विडी ओढत उभा होता. मी दगड मोजून वहीत आकडा लिहिला, दोनशे चौदा.

“दोनशे पंधरा,” तो म्हणाला.

मी पुन्हा मोजले. दोनशे चौदाच.

“एकावर तुमी बसून राहिले, सायेब.”

सरपंच इतके हसले की त्यांची टोपी पाण्यात पडली. म्हाताऱ्याने ती मासे धरायच्या टोपलीने काढून दिली. तरी आम्ही दगड काढून काठावर रचलेच.

तिसऱ्या दिवशी मोकळी झालेली धार थेट घाटाखाली शिरली आणि खालची पायरी ढासळली. तेव्हा सरपंचांनीच म्हाताऱ्याला बोलावले. दगडामागे दोन रुपये ठरले. कोणता दगड कुठला, हे त्याने कोणाला विचारले नाही. दोन दिवसांत ओळ जशीच्या तशी उभी राहिली.

मी वही दुरुस्त करून चारशे तीस रुपये पुढे केले. त्याने दोन रुपये परत दिले.

“तुमच्या बुडाखालचा कोणी उचललाच न्हाई. वहीत नव्हता नं त्यो.”

म्हाताऱ्याला अखेर दिले ते चारशे अठ्ठावीस.