गच्चीवरून उठलेला सांगाडा

सोलर पॅनेलच्या सांगाड्याची मजबुती तपासायची असेल, तर त्यावर नातेवाईक बसवू नयेत. मी पाच बसवले होते.

व्हाइटफील्डच्या पुढे, होसकोटेच्या बाजूला आमचं छोटं दुमजली घर आहे. पुण्याहून नोकरीसाठी इथे आलो आणि इथलाच झालो. गच्चीवर तीन पॅनेल लावायचं ठरलं, तेव्हा पॅनेलवाला म्हणाला, "सर, पॅनेलची काळजी करू नका. खालचा सांगाडा आणि बोल्ट तेवढे चांगले असू द्या. तेही आम्हीच लावतो."

"ते मी बघतो," मी म्हणालो.

माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं याच तीन शब्दांनी सुरू झाली आहेत.

"अण्णांना विचारू या ना," विद्या म्हणाली. विद्या म्हणजे माझी बायको, आणि अण्णा म्हणजे तिचे वडील. ते निपाणीला असतात. कारखान्यात फिटर म्हणून अख्खी नोकरी केली आणि निवृत्त झाले.

"अगं, हा सोलरचा विषय आहे. अण्णांच्या काळात होतं का हे? आणि मी इंजिनिअर आहे!"

(सॉफ्टवेअरचा. मी आजवर हाताने घट्ट पिळलेली एकमेव वस्तू म्हणजे लिंबू.)

तीन आठवडे मी व्हिडिओ पाहिले, तक्ते केले, आणि एका शनिवारी इथल्याच शिवाजीनगरच्या हार्डवेअर बाजारात जाऊन धडकलो. दुकानदाराने दोन प्रकारचे बोल्ट पुढे ठेवले. एक मळकट, उदास, परीक्षेत नापास झाल्यासारखा. दुसरा असा झळाळत होता की कानात घालावा!

"हा स्टेनलेस ना?" मी झळाळत्याकडे बोट दाखवलं.

"नोडी सर, पळपळ!" दुकानदार कन्नडमध्ये म्हणाला. म्हणजे, बघा, कसा चकचकतोय. मी याचा अर्थ 'हो' असा घेतला. त्या बिचाऱ्याने 'हो' म्हटलं नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

सांगाड्याचे पाय मी साध्या लोखंडी अँगलचे करून घेतले आणि त्यांना चंदेरी रंग दिला. गच्चीला भोक मात्र पाडायचं नाही, हा माझा बाणा. वॉटरप्रूफिंगला धक्का लागता कामा नये! म्हणून प्रत्येक पायावर सिमेंटचा एकेक ठोकळा ठेवला आणि विषय संपवला.

नेमके तेव्हाच पुण्याहून दादा, वहिनी, वहिनीचे आईवडील आणि आमची आत्या आले होते. पॅनेल चढायच्या आधी मी पाचही जणांना त्या रिकाम्या सांगाड्यावर ओळीने बसवलं.

"मला उशी दे रे, हे लोखंड टोचतंय," आत्या म्हणाली.

"आत्या, लोड टेस्ट आहे. उशीने वजन बदलेल."

सांगाडा तसूभर हलला नाही. मी फोटो काढून अण्णांना पाठवला. लगेच त्यांचा फोन आला.

"फोटो झकास आलाय, जावईबापू. पण माणसं कशाला बसवलासा त्याच्यावर?"

"लोड टेस्ट, अण्णा! पाच माणसं पेलली!"

"असं होय," अण्णा म्हणाले, आणि फोन ठेवला. मला वाटलं, भारावले!

पुढचं वर्षभर सगळं छान चाललं. पॅनेल वीज देत होते आणि मी येणाऱ्याजाणाऱ्याला गच्ची दाखवत होतो. मग एप्रिलमधल्या एका दुपारी, मी घरूनच काम करत असताना, होसकोटेच्या बाजूने आभाळ भरून आलं आणि वारा सुटला. विद्या म्हणाली, "गच्चीवर कपडे आहेत." मी वर धावलो.

कपडे केव्हाच गेले होते. मी पॅनेलकडे पाहिलं आणि तिथेच खिळलो.

सांगाडा उठत होता!

पडत नव्हता, सरकत नव्हता. उठत होता! बसलेला हत्ती उठावा तसा, सावकाश, आधी मागचे दोन पाय, मग अंग. पायांवरचे ठोकळे खडूच्या तुकड्यांसारखे गडगडले. पाच माणसांनी जे हललं नाही, ते हवेने, नुसत्या हवेने, अलगद उचललं होतं. खरं सांगतो, त्या क्षणी मला भीती वाटलीच नाही. देवळात एकदम घंटा वाजली की जसं होतं, तसं झालं. हात जोडावेसे वाटले.

पण हात जोडायच्या ऐवजी मी त्या हातांनी सांगाड्याचा पाय धरला.

आणि माझे पाय गच्चीवरून सुटले.

किती सुटले यावर आमच्याकडे मतभेद आहेत. मी म्हणतो दीड फूट. विद्या, जी तेवढ्यात जिन्याच्या दारात पोचली होती, ती म्हणते चार बोटं. पण सुटले, हे तीही कबूल करते!

समोरच्या गच्चीवर शारदा टीचर उभ्या होत्या. निवृत्त शिक्षिका, खणखणीत आवाज. त्या दोन्ही हात हलवून ओरडायला लागल्या, "बिडी! बिडी!"

मी लटकलेला, कानात वारा, डोक्यावर तीन पॅनेल, आणि या बाई मला बिडी मागतायत?

"नाही माझ्याकडे! मी ओढत नाही!" मी जिवाच्या आकांताने ओरडलो.

"अरे, सोड म्हणतायत त्या! सोड!" विद्या किंचाळली.

कन्नडमध्ये 'बिडी' म्हणजे 'सोडा' हे मला माहीत होतं. रोज बसमध्ये ऐकतो. पण माणूस लटकला की मातृभाषेतच लटकतो. मी सोडलं आणि बुडावर आपटलो. सांगाडा एक कोलांटी घेऊन पाण्याच्या टाकीला जाऊन अडकला. टाकी नसती तर तो रस्त्यावर गेला असता, आणि रस्त्यावर शाळेची व्हॅन उभी होती. वारा ओसरल्यावर मी कठड्याशी जाऊन ती पाहिली. तेव्हा मात्र पुन्हा खाली बसलो. विद्याही शेजारी बसली.

"मी अण्णांना फोन करते," ती म्हणाली. या वेळी मी 'ते मी बघतो' म्हणालो नाही.

अण्णा निपाणीहून दुसऱ्याच दिवशी हजर झाले. गच्चीवर आले, कंबरेवर हात ठेवून गोल फिरले, आणि तुटलेला एक बोल्ट उचलला. डोकं अजून चकचकीत होतं, पण आटे तांबूस होऊन भुगा झाले होते. अण्णांनी खिशातून लोहचुंबक काढलं. टक्! बोल्ट जाऊन चिकटला.

"लोखंड हाय. वरनं नुसता मुलामा," ते म्हणाले. "आणि जावईबापू, एक विचारू? ह्याच्यावर बसणार कोण होतं?"

"कोणी नाही."

"मग बसवून काय बघितलासा? वारा वरनं बसत न्हाई. खालनं शिरतोय आणि उचलतोय. ह्याला दाबून बघायचं नसतंय, ओढून बघायचं असतंय."

एवढंच! तीन आठवड्यांच्या व्हिडिओंतून जे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं. मी विचारलं,

"मग त्या फोटोच्या वेळी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इंजिनिअर," अण्णा शांतपणे म्हणाले. "मला वाटलं, काहीतरी नवीन पद्धत असंल."

त्याच दुपारी शारदा टीचरांना पत्ता विचारून ते मला होसकोटेला मंजुळाक्कांच्या शेडवर घेऊन गेले. मंजुळाक्का फाटक, शिड्या, सांगाडे असं सगळं वेल्डिंगचं काम करतात. त्या डोळ्यांवरचा गॉगल कपाळावर सरकवून आल्या आणि पुढचा तासभर दोघं कन्नडमध्ये असे रंगले की मी एका रिकाम्या डब्यावर बसून नुसता बघत होतो. अण्णा प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरचा शिक्का भिंगातून वाचायचे, चुंबक लावायचे, नट फिरवून आट्यांचा आवाज ऐकायचे. आवाज! एक बोल्ट त्यांनी नुसता ऐकून परत केला, आणि मंजुळाक्कांनी वाद न घालता दुसरा काढून दिला.

ठरलं ते असं. पायांना आधी भोकं पाडायची आणि मग ते वितळलेल्या जस्तात बुडवून काढायचे, म्हणजे भोकांच्या आतही गंज शिरणार नाही. बोल्ट अस्सल स्टेनलेसचे. स्टील आणि पॅनेलची ॲल्युमिनियमची चौकट यांच्यामध्ये रबर, कारण पावसात दोन वेगळे धातू एकमेकांना खातात. आणि गच्चीला भोकं पाडायची, पायांखालच्या पट्ट्या बोल्टने नीट ठोकायच्या आणि भोवती पुन्हा वॉटरप्रूफिंग करायचं.

"गाळी येष्टु?" मंजुळाक्कांनी विचारलं. तुमच्याकडे वारा किती?

अण्णांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यांना उचललं, ठोकळ्यांसकट."

मंजुळाक्कांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार! "तूक येष्टु, सर?" वजन किती?

"ब्याऐंशी," मी म्हणालो. (मी खरं तर अठ्ठ्याऐंशी. अण्णांनी लगेच दुरुस्त केलं.)

त्यांनी खडू घेतला आणि शेडच्या पत्र्यावर लिहून ठेवलं. 'अळिया = ८८ किलो.' कन्नडमध्ये अळिया म्हणजे जावई.

सांगाडा ठोकून झाल्यावर त्या स्वतः तीन पायांचं तिकाटणं, साखळीची कप्पी आणि वजनाचा काटा घेऊन आमच्या गच्चीवर आल्या. एकेक पाय वर ओढायला लागल्या. काट्यावर नजर ठेवून त्या मोजायच्या, "ओंदु अळिया... एरडु अळिया... मूरु अळिया..." तीन जावई झाले तरी एकही पाय केसभर हलला नाही. अण्णा मान डोलावत होते. मी टाळ्या वाजवल्या, आणि मग टाळ्या वाजवणारा मी एकटाच आहे हे लक्षात आल्यावर थांबलो.

मे महिन्यात तसाच वारा परत आला. मी आणि विद्या जिन्याच्या दारातून पाहत होतो. समोरच्या नारळाचे झाप पिंजून निघत होते, पत्रे वाजत होते, आणि आमचा सांगाडा असा उभा होता, जणू त्याला कोणी हाक मारली आहे हेच त्याला ऐकू आलेलं नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा एका बोल्टकडे आदराने पाहिलं.

मागच्या आठवड्यात फाटकाची बिजागरी करून घ्यायला मी होसकोटेला गेलो होतो. मंजुळाक्का एका गिऱ्हाइकाला समजावत होत्या की तुमचं घर तळ्याकाठी, वारा मोकळा, तुम्हाला दोन अळियांवर भागणार नाही, चार लागतील.

"अळिया म्हणजे? हे कुठलं माप?" त्या गृहस्थांनी विचारलं.

मंजुळाक्कांनी मागे वळून माझ्याकडे हात केला. गृहस्थ मला एकदा पुढून आणि एकदा बाजूने पाहून म्हणाले, "अळियाचं वजन थोडं जास्तीच धरा, अक्का. हे बरेच सुटलेले दिसतात."