इंद्रभानचं घड्याळ आणि भागिरथाबाईंचा मंगळवार

साल शहात्तर. वाशीमच्या एका लहानशा चर्चला पन्नास वर्षं झाली म्हणून पताका लावल्या होत्या, बाजा मागवला होता, आणि भर उपासनेत पाळकसाहेबांनी शाल घातली ती इंद्रभानला. भागिरथाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. का जाऊ नये? इंद्रभाननं केलं काय होतं, तर चर्चला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि त्याच्या तबकडीवर स्वतःचं नाव रंगवून घेतलं. म्हणजे वेळ पाहायला मान वर केली की आधी इंद्रभान वाचायचा, मग किती वाजले ते. आणि यावर लोक टाळ्या पिटतात.

भागिरथाबाई त्याच चर्चच्या सेविका. नवरा गेला तेव्हापासून दर मंगळवारी अनसिंगला जायच्या आणि गावाबाहेर टाकलेल्या महारोग्यांच्या जखमा धुवायच्या. तिथं जाणारा नाकाला रुमाल लावल्याशिवाय उभा राहत नसे. या बाईंनी कधी पदर लावला नाही. धुता धुता त्यांच्यातल्या लखीरामला सांगायच्या, "इथलं सारं सडते, लखीराम. वर जे ठेवलं हाये, ते सडत नाही." सांगण्यात अशी खात्री, की ऐकणाऱ्यानं आजच गाठोडं बांधावं.

आणि त्याच बाई आता घरी भांडी आपटत होत्या. शेजारची वच्छला नुसतं "जाऊ द्या" म्हणाली, तर तिच्यावरच उखडल्या.

"काहून जाऊ देऊ? माहे हात सारी उमर पुवात गेले, अन् शाल त्या घड्याळवाल्याले? आता मी नाही जात अनसिंगले. इंद्रभान जाईन अन् पट्ट्या बांधीन."

मंगळवारी मात्र एस.टी.त बसल्या. सेवा सोडली हे तोंडावर सांगायचं होतं. लखीराम झोपडीबाहेर पाय पसरून बसलेला. पाणी त्यानं तापवून ठेवलं होतं. बाईंनी उभ्या उभ्याच सारं ऐकवलं: घड्याळ, टाळ्या, शाल, आणि आजपासून येणं बंद.

लखीरामनं पसरलेले पाय आखडून घेतले. मग म्हणाला, "तुमी शालीसाठी येत होत्या काय, बाई? मले वाटे, माह्यासाठी येता."

बाईंना असा संताप आला की वाटलं, ते तापलेलं पाणी लाथेनं उडवावं. पण राग कोणावर काढायचा? इंद्रभानवर काढून पाहिला, पाळकांवर काढून पाहिला, टिकेना. त्या मेल्यानं नाव घड्याळावर लिहिलं; यांना आपलं नाव लोकांच्या तोंडी हवं होतं. फरक तेवढाच. स्वतःचीच एवढी चीड त्यांना कधी आली नव्हती.

"पाय दे इकडे," त्या खेकसल्या आणि खाली बसल्या.

पट्टी सुटली. जखम धुऊन झाली.

"आज वरची गोष्ट नाही सांगत?" लखीरामनं विचारलं.

"आज मले तोंड नाही राह्यलं. आज तूच मांग देवाले, माह्यासाठी."

"काय मांगू?"

"मांग का, या बाईच्या डोक्यातून ती शाल काढ."

लखीरामनं बोटं झडलेले हात जोडले. सांगितलं तसं मागितलं, आणि वर आपल्या मनानं जोडलं, "अन् देवा, आमचा मंगळवार बंद नको करू."

बाईंनी मान वर केली नाही. त्याचा दुसरा पाय पुढे ओढून घेतला.