तुकडा परत आणायच्या अटीवर

माझ्या चुलत सासूबाईंनी उभ्या इचोड्याला अंघोळ घातली असं मी म्हटलं, तर त्यात फार तर दोन-चार गल्ल्यांची अतिशयोक्ती होईल. ऐंशीच्या दशकात मी लग्न होऊन त्या गावात गेले, तेव्हा आहेराच्या लुगड्याआधी माझ्या हातात पडली ती साबणाची पिवळीधमक वडी. "घे," काकू म्हणाल्या, "पन तुकडा वापस आनजो. फेकशीन तर माह्याशी गाठ हाये."

मोहाच्या बियांचं तेल, खोबरेल, कास्टिकचं पाणी आणि चिमूटभर हळद घालून काकू हा अंघोळीचा साबण घरीच करत आणि मागेल त्याला, खरं तर न मागेल त्यालाही, फुकट वाटत. अट एकच, वडी झिजून हातात धरवेनाशी झाली की उरलेला तुकडा परत आणायचा. त्या तुकड्यांचा त्या कपडे धुण्याचा साबण करत. आधी केस निवडायचे, मग किसणीवर किसायचं, रात्रभर भिजवायचं आणि दुपारी धुण्याचा सोडा घालून मागच्या अंगणात लोखंडी कढईत शिजवायचं. तुकडा घेऊन येईल तिला काकू चुलीशी बसवत, तिच्या हाती ढवळायचा दांडा देत आणि घरचं विचारत. कधीकधी विचारावंही लागत नसे, तुकडाच सगळं सांगे. गुडीहत्नूरच्या भाजीवाल्याची सून एकदा दोघांच्या अंघोळीनं झिजायला हवी होती तेवढी न झिजलेली, चांगली जाडजूड चकती घेऊन आली. "काऊन वं, नवरा वावरातच झोपून राह्यला का?" काकूंनी नुसतं एवढं म्हटलं, आणि ती बिचारी कढईवरच रडायला लागली. तिला चहा पाजून, चार युक्त्या शिकवून आणि ताजी वडी देऊन काकूंनी संध्याकाळच्या बसमध्ये बसवलं. हमरस्त्यावरचे ट्रकवालेही सुटत नसत. सदऱ्यावर ऑइलचा डाग दिसला की काकूंचा हुकूम सुटे, "उतारो भैया, अब्बीच उतारो!" आणि तो भला माणूस ओल्या सदऱ्यानं नागपूरच्या वाटेला लागे.

यातली खरी गंमत अशी, की हे सगळं चाले ते एका किराणा दुकानाच्या मागे. दुकान काकाजींचं, म्हणजे काकूंच्या यजमानांचं. त्यांच्या काचेच्या कपाटात चकचकीत कागदातले साबण ओळीनं मांडलेले असत. गिऱ्हाईक त्यातल्या एखाद्याकडे बोट दाखवतं न दाखवतं तोच पडद्यामागून आवाज येई, "घेऊ नको वं ते! इकडं ये!" काकाजी कपाळाला हात लावत. "लोकायचे दुश्मन बाहेर राह्यते," ते मला म्हणत, "माहा मागच्या खोलीत राह्यते."

एवढं असून काकूंच्या मनात मात्र एकच ध्यास होता. आपला साबण त्या काचेच्या कपाटात बसावा. वर्षानुवर्षं त्या नवऱ्याच्या मागे लागल्या होत्या. "छापा नाई, कागद नाई, कोन घेईन?" हे काकाजींचं ठरलेलं उत्तर. पण एका पावसाळ्यात नाले भरले, रस्ता बंद पडला, माल आलाच नाही आणि कपाट रिकामं झालं. शेवटी काकाजींनी कुरकुरत काकूंच्या वड्या आत मांडल्या. त्या दिवशी काकू ठेवणीतलं लुगडं नेसून, घराला वळसा घालून दुकानासमोरच्या चिखलात उभ्या राहिल्या आणि कपाटाकडे बघत लहान मुलीसारख्या हसल्या. इतकं सुखी माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

साबण हातोहात खपला. रस्ता सुरू झाला तरी लोक तोच मागायला लागले. फक्त तुकडे परत यायचे थांबले. काकूंनी एकीला हटकलं, तर ती म्हणाली, "इकत घेतली ना काकू, आता वापस काऊन करू?" तिचंही चुकलं नव्हतं. कढई कोरडी पडली. दुपारी काकू अंगणात एकट्या बसून दाराकडे बघत राहायच्या. एके दिवशी त्या उठल्या आणि दुकानात गेल्या.

"माही साबन खाली काढा."

"इतकी खपून राह्यली, अन् काढू?"

"खपते. पन कोनी येत नाई."

काकाजी उभ्या जन्मात पहिल्यांदाच वाद न घालता उठले आणि एकेक वडी काढून त्यांनी काकूंच्या पदरात टाकली. आठवडाभरात अंगण पुन्हा गजबजलं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस काकू वारल्या. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एक म्हातारी दुकानात आली, पदराची गाठ सोडून तिनं साबणाचे तीन तुकडे गल्ल्याशेजारी ठेवले आणि काकू कुठं आहेत म्हणून विचारलं. तिच्या खेड्यात बातमी पोचलीच नव्हती. काकाजींनी ते तुकडे उचलले. "बसा," ते म्हणाले, आणि आत येऊन मला विचारू लागले, "सूनबाई, हे कसं शिजवते वं?" मी एवढी वर्षं त्या कढईत दांडा फिरवला होता, पण सोडा किती घालायचा ते काकूंनी कधी सांगितलं नव्हतं. तरी आम्ही चूल पेटवली. म्हातारी ढवळत बसली आणि काकाजी अवघडत, अडखळत तिला घरचं विचारत राहिले. साबण काही घट्ट झाला नाही, शिऱ्यासारखा लिबलिबीत राहिला. म्हातारीनं तो डब्यात भरून घेतला आणि जाताना म्हणाली, "पुडच्या बाजाराले येतो मी."