सरळ रस्त्याची भीती

ड्रॅग रेस म्हणजे काय, हे मला अजूनही नातेवाइकांना समजावून सांगावं लागतं. त्यात वळण नाही, फेऱ्या नाहीत. सरळ मोकळा रस्ता, शेजारी शेजारी दोन मोटरसायकली आणि बाजूला दिव्यांचा खांब. पिवळे दिवे वरून खाली एकेक करून लागत जातात, मग हिरवा लागतो, आणि पाव मैलाच्या टोकाला जो आधी पोचला तो जिंकला. "मग त्यात घाबरण्यासारखं काय आहे?" असं माझ्या मामांनी एकदा विचारलं. मी त्यांना आणखी पोहे वाढले आणि विषय बदलला.

रेस रविवारी असली की मला भीती गुरुवारपासून लागायची. जेवण नकोसं व्हायचं. बडोद्यात निजामपुऱ्यातल्या एका फिजिओथेरपी सेंटरमध्ये मी काम करते. आमच्याकडे येणाऱ्यांत दुचाकीवरून पडलेले पुष्कळ. कुणाचा गुडघा वाकत नाही, कुणाचा हात खांद्याच्या वर जात नाही. मी त्यांचा पाय धरून "अजून थोडं, अजून थोडं" म्हणत असते आणि ते दात-ओठ खात छताकडे बघत असतात. शनिवारी दुपारपर्यंत हे काम करायचं आणि रविवारी सकाळी आपणच त्या यंत्रावर पोटावर आडवं व्हायचं. यातली विसंगती मला कळत नव्हती असं नाही.

सुरुवात अगदी साधी झाली. माझा नवरा मकरपुऱ्यात एका कंपनीच्या टूलरूममध्ये आहे. तिथलाच एक गुजराती मित्र आणि तो, असे दोघे मिळून आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये एक जुनी मोटरसायकल रेससाठी तयार करत होते. मागचं चाक लांब नेलं, पुढची बाजू खाली बसवली, सीट कापली. गाडी नवऱ्यानेच चालवायची असं ठरलेलं होतं. पण तो अंगाने भरलेला, आणि या खेळात वजन आड येतं. पहिल्या सरावाच्या दिवशी मित्र माझ्याकडे बघून म्हणाला, "भाभी, तुम्ही बसा ना एकदा." कॉलेजात असताना मी वडिलांची मोटरसायकल चालवायचे, ते त्याला ठाऊक होतं. मी बसले. गाडी नवऱ्याच्या हातात गेली होती त्यापेक्षा खूप जोरात गेली. परत आले तेव्हा दोघं लहान मुलांसारखे उड्या मारत होते, आणि मीही हसत होते. शर्यत संपल्यावरचं ते हसू खरं असतं. त्याच्या आधीचं मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

सासूबाईंना आम्ही "मित्रांबरोबर बाहेर चाललोय" असं सांगायचो. त्यांचं माहेर रावपुऱ्यातलं, घराणं बडोद्याच्या जुन्या घोडदळातलं, आणि बोलणं थोडकं. एकदा सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी रेसचा व्हिडिओ टाकला. त्यात हेल्मेट घातलेली, चामडी सूटमधली एक आकृती पाठमोरी दिसत होती. सासूबाईंनी फोन माझ्यासमोर धरला.

"ही पाठ तुझी आहे."

मी व्हिडिओ बंद केला.

"पडलीस तर?"

"पडत नाही, आई. सगळी काळजी घेतो आम्ही."

"ते मी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "पुढच्या वेळी मी येते."

तेव्हापासून त्या यायला लागल्या. घडीची खुर्ची, थेपल्यांचा डबा, छासची बाटली. सूट चढवण्याआधी त्या माझी घट्ट वेणी घालायच्या आणि ती कॉलरच्या आत खोचायच्या. त्या वेळी त्यांची बोटं गार असायची.

शहरापासून तासाभरावर एक जुनी खासगी धावपट्टी आहे. तिथे विमानं येत नाहीत, अधूनमधून शनिवार-रविवारी परवानगी काढून रेस होतात. मी सांगतेय तो रविवार थंडी संपत आली होती तेव्हाचा. सकाळी धुकं होतं. सरावाच्या फेरीत गाडी सुटली, पुढचं चाक जरासं उचललं गेलं, आणि ते खाली टेकलं तेव्हा हँडल माझ्या हातात थरथरलं. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. क्षणभरच. मग थांबलं.

"हँडल हललं," मी परत येऊन नवऱ्याला सांगितलं.

त्याने हेडलॅम्पच्या जागी हात ठेवून गाडी पुढेमागे हलवून पाहिली. "खाली काँक्रीटचे जोड आहेत. त्यांच्यावर हलणारच. घट्ट धर."

मी हो म्हटलं. आधीच्या रेसमध्येही ते हललं होतं, आणि तेव्हाही आमचं हेच बोलणं झालं होतं.

पहिल्या फेरीत माझ्या उजवीकडे एक विशीतला मुलगा होता. लाल हेल्मेट. त्याने माझ्याकडे बघून अंगठा दाखवला, मीही दाखवला. दिवे उतरले. सुटल्यावर आजूबाजूचं काही दिसत नाही, पण शेजारी कुणी आहे हे आवाजावरून कळतं. त्याचं इंजिन माझ्या कानाच्या जरा पुढे होतं, मग बरोबरीला आलं, मग एकदम नाहीसं झालं. मागे पडल्यावर आवाज हळूहळू कमी होतो. हा तसा कमी झाला नाही. तुटला.

शेवटची रेघ ओलांडून मी ब्रेक लावले आणि वळून पाहिलं. मधोमध धूळ होती, आणि धुळीतून त्याची मोटरसायकल एकटीच गवताकडे घसरत चालली होती.

मी गाडी तिथेच टाकून मागे धावले. माझ्या आधी दोन स्वयंसेवक पोचले होते, ॲम्ब्युलन्स निघाली होती. "मी फिजिओथेरपिस्ट आहे," असं म्हटल्यावर त्यांनी मला त्याच्या डोक्याशी बसू दिलं. मी हेल्मेटसकट त्याचं डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरलं. तो शुद्धीवर होता. त्याचा श्वास काचेवर येत होता, जात होता. त्याची मांडी जिथे सरळ असायला हवी तिथे सरळ नव्हती, आणि ती बघायला त्याने मान उचलायचा प्रयत्न केला.

"मारी सामे जो," मी म्हटलं. माझ्याकडे बघ.

तो माझ्याकडे बघायला लागला. "बेन, मम्मीने फोन ना करशो," तो म्हणाला. आईला फोन करू नका. तीन-चार वेळा तेच. डॉक्टर आले, पाय बांधला, त्याला उचललं. ॲम्ब्युलन्सचं दार लागलं तेव्हा माझे हात तसेच होते, मधे डोकं धरल्यासारखे. त्याला पुन्हा मांडी घालून बसायला किती दिवस लागतील आणि त्यातले पहिले काही आठवडे कसे जातील, हे त्या वेळी तिथे बहुधा मलाच स्वच्छ दिसत होतं.

धावपट्टी झाडून काढली. सांडलेल्या तेलावर माती टाकली. लाउडस्पीकरवर पुढच्या जोड्या वाचायला सुरुवात झाली आणि त्यात माझं नाव आलं. आमच्या गटात आठच गाड्या होत्या, आणि तो पडला म्हणून मी पुढच्या फेरीत गेले होते.

मी गाडीवर बसले. हेल्मेट घातलं. हनुवटीखालचा पट्टा दोन कड्यांतून ओवायचा असतो, रोजचं काम, पण तो मला ओवता येईना. आमचा मित्र मदतीला वाकला आणि त्याने माझे डोळे बघितले.

"भाभी, बीक लागे छे?"

हे तो दर वेळी गमतीने विचारायचा. भीती वाटते का? आणि मी दर वेळी "ना रे" म्हणायचे.

"हो," मी म्हटलं. "लागते. मी नाही जाणार."

नवरा मागच्या टायरची हवा बघत होता. तो उठून उभा राहिला. "अगं, त्याचं काहीतरी वेगळं झालं असेल. टायर जुना होता बहुतेक. आपली गाडी चांगली आहे."

"असेल. मी नाही जाणार."

"सेमीफायनल आहे!"

"माहितीये मला."

"मग आम्ही दोघं इतके महिने पार्किंगमध्ये काय..." तो बोलता बोलता थांबला, कारण आसपासचे लोक बघायला लागले होते. मी हेल्मेट काढलं. मला रडू येईल असं वाटलं होतं. ते आलं नाही. उलटी मात्र आली. मी आमच्या टेम्पोमागे जाऊन ओकले. आई पाण्याची बाटली घेऊन आल्या आणि त्यांनी माझ्या तोंडावर पाणी मारलं. समोरचा स्पर्धक एकटाच धावला आणि जिंकला.

नंतरचे दोन तास नवरा सामान आवरत होता. तो वाईट माणूस नाही. आवरताना प्रत्येक पाना पुसून जागेवर ठेवत होता, आणि तो रागावला की असंच करतो.

दुपारी बक्षिसं झाल्यावर ज्यांना हवं त्यांच्यासाठी धावपट्टी थोडा वेळ मोकळी ठेवतात. नवऱ्याचं नावही राखीव चालक म्हणून नोंदवलेलं होतं. आई खुर्चीतूनच त्याला म्हणाल्या, "आता तू बस."

"मी कशाला? माझ्या वजनाने काही उपयोग नाही."

"उपयोगासाठी नाही. तू बांधलीयस ना गाडी? मग बस. मला बघू दे."

त्याने मित्राचा सूट अंगात कोंबला. मी आणि आई सुरुवातीच्या रेघेच्या बाजूला, कठड्यामागे उभ्या राहिलो. रेसच्या दिवशी आमची गाडी सुटताना मी तिथून कधी पाहिली नव्हती, कारण नेहमी मीच गाडीवर असायचे. वर बसलेलं असताना भीतीला निदान काम असतं. क्लच सांभाळायचा, दिवे बघायचे. कठड्यामागे तिला काहीच काम नव्हतं. माझा नवरा एका बारीकशा यंत्रावर वाकून बसला होता, त्याची मान उघडी दिसत होती, आणि मला ओरडून सांगावंसं वाटलं की उतर, राहू दे. आईंनी माझं मनगट धरलं.

हिरवा दिवा लागला. गाडी सुटली. पुढचं चाक उचललं, माझ्या वेळी उचलायचं त्यापेक्षा खूप जास्त, आणि घाबरून त्याने ॲक्सिलरेटर एकदम सोडला. चाक आदळलं. मग मला दुरून ते दिसलं, जे मी इतके दिवस फक्त हातांत अनुभवलं होतं. हँडल वेड्यासारखं दोन्हीकडे फडफडत होतं आणि त्याच्याबरोबर त्याचे खांदे, त्याचं डोकं, सगळं. गाडी कडेच्या गवताकडे निघाली. आईंची नखं माझ्या मनगटात रुतली. "धर, धर, धर," त्या म्हणत होत्या, अगदी हळू, जपासारखं. कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर गाडी आली, तिथे कशीबशी सरळ झाली, आणि अर्ध्या वाटेत थांबली.

तो गाडी ढकलत परत आला. मित्र धावत मदतीला गेला. आमच्यापाशी येऊन नवऱ्याने स्टँड लावला, तो जमिनीवर बसला आणि त्याने हेल्मेट काढलंच नाही. काच वर केली फक्त.

"दर वेळी असं होतं?" त्याने मला विचारलं.

"इतकं नाही. पण होतं."

"तू सांगितलं नाहीस."

"सांगितलं. हँडल हलतं म्हटलं."

"पण हे... तू नुसतं 'हललं' म्हणालीस."

"मग काय म्हणायला हवं होतं?"

आईंनी त्याच्या पुढ्यात थेपल्यांचा डबा ठेवला. त्याने नको म्हणून मान हलवली.

त्या आठवड्यात दोघांनी पार्किंगमध्ये गाडीचा पुढचा भाग पूर्ण उतरवला. हँडल ज्याच्यावर फिरतं ती गोळ्यांची कडी असते, म्हणजे बेअरिंग, वर एक, खाली एक. खालची नवऱ्याने पुसली आणि वर घरात येऊन माझ्या हातात दिली. मी अंगठा फिरवला. गोळ्या बसून बसून लोखंडात खळगे पडले होते, एकामागे एक, मण्यांसारखे. म्हणजे त्या झिजलेल्या कडीवर मी अख्खा मोसम धावले होते. मी ती कडी टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून बसले. ही भीती रेसच्या आधीची नव्हती, नंतरची होती, आणि ती जायला पुष्कळ दिवस लागले. भांडी घासताना मधेच यायची. लाल सिग्नलला स्कूटरवर थांबले की यायची.

"चुकलं माझं," नवरा म्हणाला. "मी नीट ऐकलं नाही."

"हो," मी म्हटलं.

पुढच्या मोसमात मी परत बसले. गाडीत नव्या कड्या होत्या, हँडलला झटका शोषणारा दांडा लावला होता, आणि आमच्यात एकच बोलणं झालं होतं: मी नाही म्हटलं की नाही, कारण विचारायचं नाही. पहिल्याच रविवारी मी पहिली फेरी धावले. गाडी सरळ गेली, हँडल हललं नाही. तरी सुटण्याआधी भीती तितकीच होती, पूर्वीपेक्षा जास्तच. दुसऱ्या फेरीला बोलावलं तेव्हा मी गाडीवर बसले, समोर पाहिलं, आणि उतरले.

"नको आज," मी म्हटलं.

मित्राने टेम्पोला फळी लावली. नवऱ्याने गाडी वर चढवली आणि दोरीने बांधली. आईंनी खुर्ची मिटली. वाटेत आम्ही सेव-उसळ खायला थांबलो तेव्हा मला सपाटून भूक लागली होती, आणि नवऱ्याने न विचारता माझ्या ताटलीत आणखी दोन पाव ठेवले.